न झालेली फेरी

मंडईत तोंडली निवडत होतो, तेव्हा तुषारचा फोन आला. "काका, चीफ गेले. काकू चहाला उठवायला गेल्या, तर..." मी हातातली तोंडली टोपलीत परत टाकली आणि जवळच्या पायरीवर बसलो. शहाऐंशी वर्षांचा माणूस झोपेत गेला, यात अघटित काही नव्हतं. तरी डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. लिहायला लाज वाटते, पण मला सगळ्यात आधी वाटलं ते दुःख नव्हतं, सुटल्यासारखं वाटलं. चीफना माझी एक गोष्ट अकरा वर्षं ठाऊक होती आणि आता ती ठाऊक असलेला मी एकटाच उरलो होतो, असा माझा समज होता. दुःख नंतर आलं, रिक्षातून खडकी स्टेशन दिसलं तेव्हा... आणि मग ते आवरेना.

वसंत कोयंडे मूळचे मालवणकडचे. सतराव्या वर्षी नौदलात गेले. सिग्नलमन होते, म्हणजे झेंड्यांनी आणि दिव्यांनी एका जहाजाचा निरोप दुसऱ्या जहाजाला पोचवणारे. चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि खडकीच्या कारखान्यात भांडार विभागात लागले. मी तिथेच ड्रॉइंग विभागात होतो. आम्ही कारखान्यातल्या छत्तीस जणांनी मिळून सोसायटी काढली आणि चीफ तिचे अध्यक्ष झाले ते एकोणीस वर्षं. नवखी माणसं त्यांना कौतुकाने कमांडर म्हणत. ते लगेच थांबवत. "कमांडर नव्हतो. चीफ होतो. कमांडर हुकूम देतो, चीफला तो पुरा करावा लागतो." मी सदाशिव पेठेत वाढलेला; आमच्या नातेवाइकांच्या मते खडकीला राहायला जाणं म्हणजे जवळपास देशत्यागच. पहिली दोन वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात हसण्यात घालवली. पाण्याच्या टाकीवर चढून झाकण नीट बसलंय का हे स्वतः पाहणारा अध्यक्ष आमच्या पेठेत कुणी पाहिला नव्हता.

लढाईच्या गोष्टी ते कधी सांगत नसत. मुलं फार मागे लागली तर म्हणत, "समुद्र असतो. बाकी काम असतं." आणि काम त्यांनी खरोखर खूप केलं. दर गुरुवारी संध्याकाळी आसपासच्या वस्तीतल्या माजी सैनिकांच्या विधवा त्यांच्याकडे पेन्शनचे कागद घेऊन येत. चीफ चष्मा कपाळावर ढकलून एकेक अर्ज भरत आणि काकू आतून चहा पाठवत. पुढे दिवस पालटले. कारखान्यातला ओव्हरटाइम गेला, बापाच्या जागी मुलगा लागण्याचे दिवस संपले आणि घरोघरी पोरं बारावी होऊन बसली. चीफनी कुठूनतरी दोन जुने कॉम्प्युटर मिळवून सोसायटीच्या हॉलमध्ये मांडले. वयाच्या पासष्टाव्या वर्षी ते स्वतः आधी शिकले, मग आम्हाला बसवलं. मी कुरकुरलो तेव्हा म्हणाले, "देवधर, तुमचं अक्षर सुंदर आहे, मान्य. पण पुढे कुणी वाचणार नाही." मला राग आला, आणि त्या रागातच मी शिकलो. त्या हॉलमधली सात-आठ मुलं पुढे हिंजवडीला लागली.

पण चीफ म्हटलं की आमच्या सोसायटीला आठवते ती फेरी. जहाजावर पहाऱ्याची पाळी संपली म्हणून माणूस उठून जात नाही, हे त्यांनी आम्हाला पहिल्याच सभेत सांगितलं होतं. पुढचा माणूस येतो, आधीचा त्याला समोर काय दिसतंय, काय बिघडलंय ते सगळं सांगतो, पुढचा "घेतलं" म्हणतो, आणि मगच पहिला जागा सोडतो. त्याच धर्तीवर जुन्या सचिवाने नव्या सचिवाला बरोबर घेऊन तिन्ही इमारती पायी फिरायच्या. पंप, व्हॉल्व्ह, मीटरची खोली, आणि मुख्य म्हणजे माणसं. कुणाला हृदयविकार आहे, कुणाला ऐकू कमी येतं, कुणाच्या घरची किल्ली सचिवाकडे आहे. एकटी राहणारी तीन म्हातारी माणसं होती. त्यांनी सकाळी आठच्या आत गॅलरीच्या कठड्यावर पिवळं फडकं टाकायचं आणि सचिवाने खालून नजर टाकायची. फडकं दिसलं नाही तर किल्ली घेऊन वर जायचं. आठ वाजता जहाजावर झेंडा चढतो, त्यावरून सुचलेलं. मला हे सुरुवातीला पोरकट वाटलं. मग त्या फडक्यामुळे एका आजोबांना वेळेवर दवाखान्यात नेता आलं, आणि मी गप्प झालो.

मी चार वर्षं सचिव होतो. माझ्यानंतर तुषार आला, अकोल्याचा, आयटीतला, सोसायटीत घर घेतलेला पहिला बाहेरचा माणूस. त्याला सकाळी साडेआठची कंपनीची बस असे. मी दोनदा फेरीचं काढलं. तो म्हणाला, "काका, फाइल मेल करून द्या ना, मी बघून घेतो." खरं सांगायचं तर मी खूश झालो. मी नुकताच तक्ते करायला शिकलो होतो आणि या संगणकवाल्या मुलापुढे मला म्हातारा दिसायचं नव्हतं. रंगीत रकाने घालून मी देखणी फाइल केली. पंप, व्हॉल्व्ह, किल्ल्या, सगळं होतं. फडक्यांना रकाना नव्हता. ते तोंडी सांगू म्हटलं... आणि सांगितलं नाही. चीफ तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आणि नंतर विश्रांतीला महिनाभर मालवणला निघाले होते. रिक्षात बसताना त्यांनी विचारलं, "देवधर, फेरी झाली का?" मी म्हटलं, "झाली."

त्यानंतर बाराव्या दिवशी पाठकबाई न्हाणीघरात पडल्या. निवृत्त शिक्षिका, तिसऱ्या मजल्यावर एकट्या, मुलगा अमेरिकेत. कठड्यावर फडकं नव्हतं आणि ते नाही हे कुणी पाहिलं नाही. मीही नाही, पाळी संपल्यावर मी वर बघायचंच सोडलं होतं. दुपारी कामवाली आली तेव्हा त्यांना पडून सात तास झाले होते. वाचल्या, पण पुन्हा चालल्या नाहीत. त्यांना वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तिथे त्या तीन वर्षं होत्या आणि मी त्यांना भेटायला एकदाही गेलो नाही.

मुलगा आला तेव्हा खास सभा झाली. तो ओरडत नव्हता, त्याचंच जास्त लागलं. "माझ्या आईला तुम्ही शब्द दिला होता. बघायचं काम कुणाचं होतं, एवढंच सांगा." तुषार पांढराफटक पडला होता. उठून म्हणाला, "मला हे कोणी सांगतलंच नव्हतं." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळण्याआधी मालवणहून परतलेले चीफ उभे राहिले. डोळ्यावर अजून काळा चष्मा होता. "तुषार, बसा. अध्यक्ष मी आहे. फेरी झाली की नाही हे पाहणं माझं काम होतं. मी पाहिलं नाही." कुणीतरी मागून म्हणालं, गावी जाऊन बसायचं होतं तर पद कशाला अडवलं? त्यांनी तिथेच राजीनामा लिहून दिला आणि एकोणीस वर्षांनंतर हॉलच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. मी उठलो नाही. उठायचं ठरवत होतो, तोवर सभा संपली.

पुढची अकरा वर्षं आम्ही रोज संध्याकाळी बरोबर फिरायला गेलो. त्यांनी एका अक्षराने तो विषय काढला नाही. मी माझी समजूत घालत राहिलो, की ते विसरले असतील, किंवा तुषारलाच दोषी धरत असतील. काही जुनी माणसं त्यांना जिन्यात टाळत. तेव्हा मी चप्पल घालायचं निमित्त करून मागे रेंगाळे. तुषार मात्र सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायचा. आता तोच अध्यक्ष आहे आणि फडकी अजून चालू आहेत.

शोकसभेत मी बोललो. शिस्त, सेवा, सचोटी, सगळे शब्द वापरले. लोकांना आवडलं. तुषारने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली, आणि त्या दिवसापासून मला नीट जेवण गेलं नाही. शेवटी वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी हा लेख लिहायला घेतला. छापायला देण्याआधी काकूंना दाखवला पाहिजे, म्हणून कागद घेऊन गेलो. दारातच म्हटलं, "काकू, मला तुम्हाला एक सांगायचं आहे. चीफना ठाऊक होतं, पण..."

"मलाही ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "राजीनामा दिला त्याच दिवशी त्यांनी सांगितलं. म्हणाले, देवधर येतील सांगायला, त्यांना जरा वेळ द्यायला हवा." चष्मा लावता लावता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दिला हो आम्ही वेळ."

त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचला. एका ओळीवर बोट ठेवलं. "'अनवधानाने फेरी राहून गेली' लिहिलंय तुम्ही. ते खोडा. केली नाहीत." मी तिथेच खोडलं. मग म्हणाल्या, "आणि पुरवणीत कुणासाठी छापताय? हा पेपर आपल्याकडे तीन घरांत येतो. ज्यांनी त्यांना बोल लावला ते इथे राहतात. खाली फळ्यावर लावा."

पेपरात लिहिणं सोपं होतं, हे मला तेव्हा कळलं. काल सकाळी जिन्याखालच्या फळ्यावर कागद लावला. तीनच वाक्यं आहेत. फेरी मी केली नव्हती. चीफनी विचारलं तेव्हा झाली असं खोटं सांगितलं. सभेत मी गप्प बसलो. खाली सही. लावून लगेच घरी जाणार होतो. पण चीफ सूचना लावली की अर्धा तास तिथेच उभे राहत, कुणाला काही विचारायचं असलं तर समोर माणूस हवा म्हणून. वरून कुणाच्यातरी चपला वाजत जिना उतरू लागल्या. मी फळ्याशेजारी उभा राहिलो.