जुन्या कॅसेटीतला माणूस

जगात निवृत्त सुभेदार पुष्कळ आहेत. आमच्या सातारा-सांगलीकडे तर दगड भिरकावला की तो एकतर उसात पडतो, नाहीतर सुभेदाराच्या अंगणात. पण व्हिडिओ गेममधल्या बोटभर माणसाला नावानं हाक मारणारा, तो मेला की डोक्यावरची टोपी काढणारा, आणि लागोपाठ तीनदा मेला तर "जा गड्या, आज रजा तुला," असं म्हणून टीव्ही बंद करणारा सुभेदार मी एकच पाहिला. ते माझ्या बायकोचे मामा.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला माझी बदली कडेगावच्या बँकेत झाली. नुकतंच लग्न झालेलं, गाव नवखं. बायकोच्या मामांची वस्ती तिथून दोन मैलांवर, उसाच्या फडाला लागून. दर रविवारी जेवायला तिकडेच जायचं, असा मामांचा हुकूम होता आणि तो मोडण्याची माझी छाती नव्हती. मामा सहा फूट उंच, मिशा पांढऱ्याशुभ्र, आवाज असा की बांधावरून बैलाला हाक मारली तर पलीकडच्या शिवारातले बैलसुद्धा वळून बघत. या माणसाच्या घरात, पितळी डब्यांच्या फडताळाशेजारी, व्हिडिओ गेम होता. सैन्यात असलेल्या मुलानं सुट्टीवर येताना स्वतःच्या करमणुकीसाठी आणला आणि जाताना इथंच ठेवला. त्या गेममध्ये एक टोपीवाला चिमुकला माणूस होता. नद्या-विहिरी ओलांडत, साप चुकवत, एका डुगडुगत्या पुलावरून त्यानं गडावर जायचं आणि निशाण लावायचं, एवढंच. मामांनी त्याचं नाव गणपा ठेवलं होतं.

गणपाशी मामांचं वागणं हाताखालच्या जवानाशी असावं तसंच. खेळ सुरू करण्यापूर्वी कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची, तीही शंख फुंकावा तशी, गाल फुगवून. मग "हुश्शार!" अशी आरोळी. गणपा विहिरीवरून नीट उडाला तर "शाब्बास", आणि पडला तर "आरं, बगून उडी मार की, डोळं हायती का बटनं?" एकदा गणपा बरोब्बर पुलाच्या मधोमध असताना वीज गेली. मामा तडक सायकल काढून वायरमनच्या दारात. "आमचा मानूस पुलावर अडकलाय, लाइट सोडा!" वायरमन बिचारा भाकरीचा घास टाकून उठला, खांबावर चढला, फ्यूज बसवला आणि खाली उतरून म्हणाला, "वाचला का वो?" मामा गंभीरपणे म्हणाले, "आता जाऊन बगतो." खरा प्रकार कळल्यावर तो वायरमन महिनाभर मामांच्या बांधावरून गेला नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेत असे. त्या गेमचा खरा मालक कोण, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मामींच्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय सावरला, वाचा राहिली, पण उजवा हात लुळा पडला. सांगलीच्या डॉक्टरांनी बोटं हलवत राहायला सांगितलं आणि पिळायला रबरी चेंडू दिला. मामींनी तो चार दिवस पिळला आणि पाचव्या दिवशी कुत्र्याच्या पिलाला देऊन टाकला. "काय त्यो चेंडू पिळायचा? त्यातनं ना रस निगतोय ना ताक," असं त्यांचं म्हणणं. मामांनी समजावलं, दटावलं, हात जोडले. मामी बधल्या नाहीत. अशातच एकदा मामा गणपाला घेऊन नदीच्या काठाशी आले असताना बाहेर कुणी हाक मारली. मामांनी खेळायचा तो बटणांचा डबा मामींच्या मांडीवर ठेवला. "धर जरा. ह्याला सांबाळ," म्हणाले आणि गेले. परत येऊन बघतात तर गणपा नदीच्या पलीकडे! मामींचा उजवा अंगठा उडीच्या लाल बटणावर थरथरत होता, आणि मामी चोरी पकडल्यासारख्या बघत होत्या. "त्यो नुसता हुबा हुता वो," त्या म्हणाल्या. "किती येळ हुबा ऱ्हानार? म्हनून दाबलं."

तेव्हापासून रोज सकाळी दशमीबरोबर गणपा. त्या जुन्या गेममधली गंमत अशी, की नदी आली, विहीर आली, की गणपा काठाशी थांबे. तुम्ही बटण दाबेपर्यंत एक पाय आपटत उभा राही. मामींच्या अंगठ्याला मेंदूचा निरोप पोचायला वेळ लागायचा. गणपाला घाई नसायची. मामा शेजारी बसून श्वास रोखून धरायचे, पण सांगायचे नाहीत काही. आयुष्यभर दुसऱ्याला हुकूम सोडलेल्या माणसानं तेवढा वेळ गप्प बसायचं, ही काय साधी कवायत आहे?

आणि यातलं काहीच ठाऊक नसलेल्या मी शहाण्यानं काय करावं? मामांकडची जेवणं माझ्या अंगावर साचली होती. काहीतरी द्यावं असं फार मनात होतं. बँकेच्या कामासाठी सांगलीला गेलो असता एका दुकानात तोच गेम नव्यानं केलेला दिसला. तोच माणूस, तोच गड, पण टोपीला तुरा, नदीत मासे, गडावर सूर्यास्त! दुकानदार म्हणाला, "जुनं कशाला ठेवता साहेब? हेच आहे, फक्त सुधारलेलं. जुनी कॅसेट आणा, बदलून देतो." पुढच्या शनिवारी वस्तीवर मामा उसाला पाणी पाजायला गेलेले बघून मी जुनी कॅसेट पिशवीत घातली आणि सांगलीला जाऊन बदलून आणली.

रविवारी मोठ्या थाटात नवी लावली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मामांचा टीव्ही कृष्णधवल आहे. मामांना माझा चेहरा बघवला नाही. "ऱ्हाऊ द्या, जावईबापू," ते म्हणाले, "राखाडीत पन लय भारी दिसतंय."

मामा न्यायी माणूस. त्यांनी नव्या गणपाची आठ दिवस रीतसर परीक्षा घेतली. उडी चांगली, चाल चांगली, निशाण जास्त डौलदार, असं सगळं मोकळ्या मनानं कबूल केलं. पण मामींची पाळी आली आणि घोटाळा झाला. नव्या गेममध्ये काठावर उभं राहिलं की पायाखालची जमीन ढासळायची. मजा वाढावी म्हणून केलेली सुधारणा. मामी अंगठ्याला सांगताहेत, अंगठा ऐकायच्या बेतात आहे, तोवर गणपा पाण्यात. पहिल्यांदा पडला, दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा त्यांनी डबा खाली ठेवला. "ह्यो थांबत न्हाई," म्हणाल्या. "माजा हात बाद झालाय, झालं."

त्यानंतर त्यांनी डब्याला हात लावला नाही. पंधरा दिवसांत बोटं पुन्हा आत मुडपायला लागली.

हे मला कुणी सांगितलं नाही. एका सोमवारी मामाच बँकेत आले. धोतर, कोट, फेटा असा पूर्ण पोशाख. माझ्या टेबलासमोर ताठ उभे राहून म्हणाले, "जावईबापू, एक काम हुतं. तुमी मायेनं आनलंय, तुमची चूक न्हाई. पर त्यो जुना गावंल का, तेवडं बगू." आणि मग हकिकत सांगितली. मी रजेचा अर्ज लिहिला तेव्हा माझे कान तापले होते.

सांगलीच्या दुकानात कळलं, की जुनी कॅसेट आटपाडीच्या एका गिरणीवाल्यानं पोरांसाठी नेली. दुसऱ्या दिवशी आम्ही आटपाडीच्या एसटीत. वाटेत मी दोनदा माफी मागितली, तर दोन्ही वेळा मामांनी मला शेंगदाणे दिले.

गिरणीच्या दारात फेट्यातला तो सहा फुटी माणूस बघून गिरणीवाला पिठानं पांढरा होता तो आणखी पांढरा झाला. कसली तरी चौकशी आली, असंच त्याला वाटलं. आम्ही नवी कॅसेट पुढं करून जुनीचं नाव काढल्यावर त्यानं सुस्कारा टाकला आणि आम्हाला मागच्या खोलीत नेलं. तिथं त्याची दहा वर्षांची मुलगी खेळत होती, आणि पडद्यावर गणपा पुलाच्या अलीकडे पाय आपटत उभा होता. मी बोलायला तोंड उघडलं, तर मामांनी माझा दंड धरला. तिचा डाव संपेपर्यंत ते उभे राहिले. तिनं निशाण लावलं तेव्हा "शाब्बास!" असे गरजले की गिरणीवर आलेल्या बायका डोकावून गेल्या.

"नवं देताय आनि जुनं मागताय?" गिरणीवाला चक्रावला होता. "उलटंच झालं की वो हे."

"नवं वाईट न्हाई," मामा म्हणाले. "तुमच्या लेकीला लय आवडंल बगा. पर आमच्या मंडळीच्या हाताला ह्योच लागतोय. त्यो तिच्यासाटी थांबतोय."

एवढं बोलून त्यांनी फेटा उगीच सारखा केला. गिरणीवाल्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिनं कोणता हात, किती दिवस झाले, एवढंच विचारलं. मग मुलीकडे बघितलं. मुलीनं कॅसेट काढली, झग्याच्या घोळानं पुसली आणि मामांच्या हातात दिली. निघताना त्या बाईनं मामींसाठी चार डाळिंबं बांधून दिली. आम्ही उंबरा ओलांडतोय तोवर आत नवा गेम सुरू झाला होता आणि "आई, मासं बघ, मासं!" असा आरडाओरडा चालला होता. त्यांचा टीव्ही रंगीत होता.

घरी आल्यावर मामांनी कॅसेट लावली. गणपा नदीच्या काठाशी येऊन उभा राहिला. मामी कितीतरी वेळ बघत बसल्या. मग डाव्या हातानं उजवा हात उचलून डब्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "आलास व्हय रं?" अंगठा लगेच हलला नाही. त्या दिवशी हललाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हलला.

जुनं बरं की नवं, यावर माझे मित्र पुढे तावातावानं भांडत तेव्हा मला कुठलीच बाजू घेता येत नसे. आटपाडीच्या पोरीपुढे जुन्याचा तासाभरात निकाल लागला होता. तिचं काही चुकलं नव्हतं. आणि मामींना सूर्यास्त, मासे, तुरा सगळं दिसलं होतं, पण त्यांना हवं होतं ते थांबणं त्यात नव्हतं. मला मात्र मामांनी एक गोष्ट फुकट शिकवली. दुसऱ्याच्या घरातली वस्तू बदलण्याआधी, ती कुणाच्या उपयोगी पडते, एवढं विचारावं. हे शिकवताना त्यांनी एक कडू शब्द वापरला नाही. माझ्या वडिलांनंतर माझी चूक इतक्या प्रेमानं कुणी पोटात घातली नाही.

वर्षभरानं माझी साताऱ्याला बदली झाली. निरोप घ्यायला आम्ही दोघं वस्तीवर गेलो. मामी आतून चहा घेऊन आल्या. उजव्या हातात कपबशी होती. कप बशीवर बारीक वाजत होता आणि थोडा चहा बशीत सांडलाही होता. माझी बायको धरायला उठणार, तेवढ्यात मामांनी नजरेनं तिला बसवलं, आणि स्वतः खिडकीतून बाहेर उसाकडे बघत राहिले, जणू घरात काही विशेष चाललेलंच नाही. कप माझ्यापुढे येऊन टेकला. मी बशीतला चहा आधी प्यालो. इतका गोड चहा मी नंतर कुठंच प्यालो नाही.