बोट लागणारे लोलो

लोलो बोटाने कधी काही दाखवत नसत, ओठांनी दाखवत. पार्किंग कुठे, मांजर कुठे लपलंय, काहीही विचारा. दोन्ही ओठ पुढे काढून त्या दिशेला मान झटकायची. फिलिपिन्समधली ही अगदी साधी रीत. पण हे माझ्या आईला कोण सांगणार? पुण्याहून सनीव्हेलला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने पिशवी हलवून त्यांना कचरा कुठे टाकायचा ते विचारलं, आणि त्या ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याने ओठांचा चंबू केला. आई पिशवीसकट परत आली.

"तो शेजारचा म्हातारा चावट आहे," ती म्हणाली. "भर दुपारी, अगं!"

लोलो म्हणजे त्यांच्या भाषेत आजोबा. त्यांना खरं नावही होतं, पण ते फक्त औषधांच्या बाटल्यांवर दिसे. आमच्या अख्ख्या अपार्टमेंटचे ते लोलोच. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर आचारी होते आणि त्यांना बोट लागायची. एका हातात डाव, दुसऱ्या हातात बादली. "मी शिजवायचो, ते खायचे, मी ओकायचो," असं ते अभिमानाने सांगत. शेवटी ओकलंडच्या बंदरात उतरले ते परत जहाजावर चढलेच नाहीत. पुढे शाळेच्या भटारखान्यात नोकरी, लग्न, मुलं, नातवंडं; सगळं पक्क्या जमिनीवर. समुद्रावर उपाशी राहिल्याचा सूड म्हणून की काय, जमिनीवर ते कुणालाही उपाशी सोडत नसत. तुमची नोकरी जावो, गाडी बंद पडो, त्यांचं एकच, "इट फर्स्ट. प्रॉब्लेम लेटर."

आईचा प्रॉब्लेम मात्र खाण्याने सुटणारा नव्हता. बाबा गेल्यावर मी तिला इकडे आणलं होतं, आणि मी दिवसभर ऑफिसात. रोज संध्याकाळी ती म्हणायची, "माझं तिकीट काढ. इथे भिंतीसुद्धा इंग्रजीत बोलतात."

एकदा मी घरी आले तर दाराला कुलूप, आई गायब आणि तिचा फोन आत वाजतोय. पोलिसांना फोन लावणार, इतक्यात शेजारून खणखणीत आवाजात गणपतीची आरती ऐकू आली.

झालं असं, की आई कचरा टाकायला बाहेर पडली आणि मागे दार लॉक झालं. लोलोंनी तिला घरात नेऊन आधी खायला विचारलं. ही कथा मला दोघांनी एकाच वेळी, दोन भाषांत सांगितली.

"नो मीट? ओके, चिकन."

"नो चिकन."

"ओके, फिश."

"नो, नो फिश!"

लोलोंनी खूप विचार केला. मग अंगठा आणि बोट जवळ आणून म्हणाले, "स्मॉल फिश?"

शेवटी साखरेत घोळून तळलेल्या केळ्यावर तह झाला. आईने चार खाल्ली. मग लोलोंनी कराओकेचं मशीन लावलं. त्यातलं एकही गाणं आईला येईना, म्हणून तिने पडद्यावरच्या प्रेमगीताकडे साफ दुर्लक्ष करून आरती म्हटली. मशीनने अठ्ठ्याण्णव मार्क दिले. तेच गाणं तीस वर्षं गाणाऱ्या लोलोंना बाहत्तर.

"मशीन ब्रोकन," लोलो म्हणाले. पण रोज दुपारी तेच आईला बोलवायला येऊ लागले.

भाषेवाचून दोघांचं काही अडलं नाही. एकदा लोलोंनी स्वतःच्या चेहऱ्याला हात लावून सांगितलं, "मुखा." आई उडालीच. "अहो, मुख! आमचंच ते!" मग शिक्षकाला 'गुरो' म्हणतात असं कळल्यावर तिने निकाल देऊन टाकला, "हे मूळचे कऱ्हाडकडचे असणार. ओठांचं तेवढं तिकडे गेल्यावर लागलं." तिकिटाचा विषय निघेनासा झाला. मीच एकदा काढला, तर म्हणाली, "आत्ता नको. लोलोंचे ऐंशीच्या वर मार्क जाईनात, त्यांना असं सोडून कसं जाऊ?"

मागच्या फेब्रुवारीत लोलो गेले. दुपारचं जेवून आरामखुर्चीत डोळा लागला, तो उघडलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आई नेहमीच्या वेळेला साडी बदलून बसली होती.

अंत्यदर्शनाच्या संध्याकाळी हॉलमध्ये लोलो शवपेटीत झोपलेले, आणि बाजूला भात, नूडल्स, पत्त्यांचे डाव, पोरांचा दंगा. कुणी रडायला लागलं की दुसरं कुणी हातात ताट देई. आईनेही ताट घेतलं. डोळे पुसत पुसत सगळा भात संपवला.

निघताना लोलोंची नात मारिसेल गाडीपर्यंत आली. "आंटीला सांग, सरळ घरी जाऊ नका," ती मला म्हणाली. "आधी कॉफी प्यायला वगैरे कुठेतरी थांबा. आमच्यात मानतात, इथून सरळ घरी गेलं की गेलेला माणूस मागोमाग घरी येतो."

मी आईला मराठीत सांगितलं आणि विचारलं, "कुठे थांबू या?"

"कुठेही नाही," आई म्हणाली. "सरळ घरी घे."

मग मागे वळून तिने सीटवर टाकलेली शाल आणि पर्स उचलून मांडीवर घेतली.

"बसायला जागा नको का त्यांना?"