पाळणीतले बूट

छगन वसावे आमच्या ऑफिसात रुजू झाला, त्या दिवशी त्याने पगार विचारला नाही की रजा विचारली नाही. नवे काळे सेफ्टी बूट छातीशी धरून मला म्हणाला, "सत्तारभाई, ह्या बूट मायले दखाडाले घर लई गऊ ते चाली का?"

मी सत्तार. नंदुरबारच्या सरकारी स्वच्छ ऊर्जा कार्यालयाची जीप चालवतो. एवढं लांबलचक नाव कोणी घेत नाही, सगळे सोलरचं ऑफिस म्हणतात. माझं डोकं लवकर तापतं. घरी शकीला म्हणते, तुम्ही आणि तुमच्या जीपचं रेडिएटर, दोघांना एकाच मेकॅनिकला दाखवा. त्या दिवशी मात्र मी तापलो नाही. म्हटलं, लई जाय बाबा, तुन्हाच शेतस त्या.

छगन अक्कलकुवा तालुक्यातल्या वरच्या डोंगरातला भिल्ल. लहानपणी आईबापांबरोबर पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यावर ऊसतोडीला यायचा. त्याच्या पाड्यावर तेव्हा वीज नव्हती. कारखान्याच्या आवारातले दिवे बघत तो उसाच्या गाडीवरच झोपून जायचा, असं मोतीबाई सांगते. मोतीबाई म्हणजे त्याची आई. पोराला तारांचं वेड लागलं ते तिथलंच. आश्रमशाळेत शिकला, आयटीआयला वायरमन झाला, आणि मग वायरमन झालेली आमची सगळी पोरं करतात तेच त्याने केलं. सुरतेला जाऊन दुसऱ्यांच्या बिल्डिंगांना दिवे लावले. बाप इकडे वारला, तेव्हासुद्धा हा तिकडेच होता.

दरम्यान डोंगरातल्या पाड्यांवर सरकारने सोलरचे प्लांट बसवले. पण बिघाड झाला की माणूस नाशिकहून यायचा. तो येईपर्यंत पाण्याचा पंप बंद, पिठाची गिरणी बंद, आणि बाया पुन्हा हंडे घेऊन झऱ्यावर. शेवटी वरच्या कोणाला तरी अक्कल सुचली की आदिवासी पोरांनाच शिकवून त्यांच्याच भागात नेमावं. त्या खास भरतीत छगनचा नंबर लागला. मला इतका आनंद झाला, जणू माझ्या अरबाजलाच नोकरी लागली. अरबाज माझा मुलगा, तो अजून शोधतोय.

पण पहिलं वर्ष कच्चं असतं. वर्ष सरताना इंजिनीअर काजल मॅडमनी साइटवर त्याचं काम बघायचं आणि कायम करावं की नाही ते वर कळवायचं. काजल पाटील या धानोऱ्याच्या शेतकऱ्याची लेक. वयाने छगनएवढ्याच, पण शिस्तीला कडक. बुटाशिवाय कोणी प्लांटच्या कुंपणात पाऊल टाकलं, तर तो कोण आहे हे त्या बघायच्या नाहीत. त्याला कारण होतं. पूर्वी दुसऱ्या जिल्ह्यात त्यांच्यासमोर एक पोरगा अनवाणी पॅनलला हात लावायला गेला आणि शॉक लागून गेला. ती गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, घाट उतरताना, खिडकीबाहेर बघत.

तर होळीच्या आदल्या दिवशी आम्ही वर निघालो. तपासणी खरं तर होळीनंतर व्हायची होती, वरून फोन आला आणि अलीकडे ओढली. त्यात सकाळीच छगनच्याच पाड्यावरून निरोप आला की प्लांट बंद पडलाय, पंप चालत नाही. माझा रमजानचा रोजा. ऊन असं की जीपचं बोनेटही पाणी मागत होतं.

पाड्याच्या वळणावर छगन उभा होता. केस विस्कटलेले, अंगावर धूळ, पाय उघडे. मी दार उघडलं तर आत बसेना.

"बठ ना रे," मी म्हटलं.

"नई सत्तारभाई. मॅडम शेतस गाडीमा. मी पायेपाये येस."

आणि तो पुढे चालू लागला. मागे पहिल्या गिअरमध्ये आमची जीप, नवरदेवामागे वरात चालावी तशी. मॅडमनी मला विचारलं, "ह्याला काय झालंय?" मला कळलं होतं. इतकी वर्षं त्या डोंगरात गाडी चालवतोय. मी म्हटलं, "मॅडम, पोरगं पाळणीत आहे."

होळीला तिकडे बुध्या नाचतात. कमरेला भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगभर राखेचे ठिपके. बुध्या व्हायचं ते नवस फेडायला, आणि त्याआधी पाळणी पाळावी लागते. आंघोळ नाही, खाटेवर बसणं नाही, बाईमाणसाचा स्पर्श नाही, आणि पायात काही घालायचं नाही. पाळणी मोडली तर नवस वाया, वर घराला दोष. छगन सुरतेला असताना मोतीबाईने देवाला बोललं होतं, पोराला इथे डोंगरातच नोकरी दे, तो बुध्या होऊन नाचेल. म्हणजे ही पाळणी त्या नोकरीचीच होती.

प्लांटच्या फाटकाशी छगन थांबला. आत मॅडम, बाहेर तो, मध्ये मी उपाशी.

"बूट?" मॅडमनी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, पाळणी आहे. एक मिनिटाचं काम असंल. असाच जाऊन येतो."

"असं नाही जायचं. काम मीही करू शकते छगन, पण मग मला तसंच कळवावं लागेल. आणि तसं कळवलं तर तू कायम होणार नाहीस. समजतंय ना तुला?"

आता मात्र माझं रेडिएटर उकळलं. मी त्याला बाजूला घेतलं. "अरे येडा, सुटी काबर मांगी नई तू? वरीसभरनी सुटी तशीच पडेल शे तुन्ही!"

"कशी मांगू?" तो म्हणाला. "आफिसमा समदा म्हनतस, ह्या पोरे होळीले गयात का परत येतस नई. मी म्हटलं, मन्हामुळे तसं कोनी म्हनाले नको."

होळीला पळणारा नव्हे हे दाखवायला पोरगं कामावर राहिलं, आणि कामावर राहिलं म्हणूनच अडकलं. इकडे आड, तिकडे विहीर. बूट घातले तर देव नोकरी परत घेईल ही भीती, नाही घातले तर ऑफिस घेईल ही खात्री. त्याच्या पायाची बोटं मातीत रुतली होती. सुरतेचा रस्ता त्याच्या डोळ्यांसमोर आला असणार, माझ्या तरी आला. मॅडमचाही चेहरा उतरला होता. त्यांना ते कळवायचं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

तोवर टाकीपाशी बाया जमल्या होत्या. होळीला आसपासच्या पाड्यांवरून पाहुणे यायचे आणि टाकीत थेंब नव्हता. त्यांच्यात मोतीबाई होती. तिने सगळं ऐकलं, घराकडे गेली आणि बूट घेऊन आली. कापडात गुंडाळलेले. लेकाला शिवायचं नाही म्हणून तिने ते त्याच्यापासून हातभर लांब जमिनीवर ठेवले.

"घाल," ती भिलीत म्हणाली. मला ती बोली कळते.

छगन हलला नाही. "आई, पाळणी मोडेल."

"तू हे घरी आणलेस, त्या दिवशी मी यांच्यावर तांदूळ वाहिलेत, देवासमोर. नोकरी त्यानेच दिली ना? मग बूटही त्यानेच दिले. कामाला बूट लागतात हे त्याला काय ठाऊक नव्हतं?" मग म्हणाली, "नवस मी बोलले होते. देव विचारील तर मला विचारील."

मी बघितलं, बुटांच्या शिवणीत अजून तांदळाचे दोन दाणे अडकलेले होते. छगनने ते काढले, टाकून दिले नाहीत, खिशात ठेवले. मग मातीतच बसून बूट घातले आणि आत गेला.

बिघाड मोठा नव्हता. उंदराने केबल कुरतडली होती. त्याने प्लांट बंद असल्याची खात्री केली, हातमोजे घातले, मीटर लावून बघितलं, तुकडा कापून नवा जोडला. मॅडम शेजारी उभ्या राहून एकेक पायरी बघत होत्या. पंप घरघरला तेव्हा टाकीपाशी बाया हसायला लागल्या.

बाहेर येताच छगनने बूट काढले आणि थेट गावच्या कारभाऱ्याकडे गेला, पाळणी मोडल्याचा गुन्हा कबूल करायला. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता हे काय म्हणतील हो?" आम्ही जीपला टेकून वाट बघत राहिलो. मोतीबाई जरा दूर बसली होती. मघाशी एवढं ठणकावून बोललेली बाई, आता पदराचं टोक चावत होती.

ऊन उतरल्यावर छगन परत आला. लांबूनच त्याच्या चालीवरून कळलं. कारभाऱ्याने सांगितलं होतं, एक नारळ वाढव, आजपासून पाळणी पुन्हा धर, आणि उद्या नाच. गावाला पाणी द्यायला बूट घातलेस, मजा मारायला नव्हे. मोतीबाईने दोन्ही हात कपाळाला लावले आणि खूप वेळ खाली केलेच नाहीत.

"मीही तुला कायम करा असंच कळवतेय," मॅडम म्हणाल्या. मग त्यांच्यातली धानोऱ्याची पोर बाहेर आली. "पन आईक, पुढला वरीसले सुटीना अर्ज पहिलेच टाक. नई टाकशी ना, ते मी सोता इसन तुले सुटीवर धाडसू."

छगन हसला. वर्षभरात त्याला असं दात दाखवून हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

सूर्य डोंगराआड गेला. माझ्या खिशात खजूर होते, पण पाण्याची बाटली घाटातच मॅडमनी संपवली होती. मोतीबाईला कोणी सांगितलं ठाऊक नाही. ती टाकीच्या नळाखाली तांब्या धरून भरून घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवला. आतून मोटार अजून घरघरत होती. मी दुआ म्हटली, खजूर तोंडात टाकला, आणि छगनने सुरू केलेलं ते पाणी पोटभर प्यालो.