कोच नेस्टर आणि ताईचा हुकूम

कोच नेस्टर आबेला यांची माझी पहिली भेट अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या एका शाळेच्या जिममधली. गळ्यात शिट्टी आणि हातात भाताचा भलामोठा कुकर. सरावानंतर सगळ्या मुलींनी एकत्र जेवायचं, हा त्यांचा नियम. भात खाऊ घालणाऱ्यावर मराठी माणसाचा चटकन विश्वास बसतो. लेकीला, सानिकाला, मी त्यांच्या हाती सोपवलं आणि गुणफलक सांभाळता सांभाळता स्वतःही त्यांचा सहायक होऊन बसलो.

कोच तरुणपणी मनिलाहून इथे आले. उंची कमी पडल्यामुळे बास्केटबॉलचा खेळाडू म्हणून त्यांना कुणी घेतलं नाही. त्यांनी प्रशिक्षण हाती घेतलं आणि पुढे आमच्या महिला संघाचे ते कोचही झाले, व्यवस्थापकही. संघाच्या मालकांचे रुसवेफुगवे काढून ते वेळेवर सरावाला हजर असत.

माझ्या बायपासनंतरच्या हिवाळ्यात आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ रोज सकाळी कुणीतरी काढून जायचं. एकदा पत्नीने पडदा सरकवून पाहिलं, तर फावडं घेऊन कोच. चहाला आत बोलावलं, तर सरावाला उशीर होतोय म्हणून निघून गेले.

सानिका मुख्य संघात आली, पण तिची एक खोड जाईना. बास्केटसमोर मोकळी असली तरी ती चेंडू रियाकडे द्यायची. रिया संघातलीच, वयाने मोठी, सानिकाने लहानपणापासून मानलेली ताई. असे दोन सामने हातचे गेले. मालकांनी सानिकाला काढायला सांगितलं. कोचनी ऑफिसच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "ती गेली तर मीही जातो." मालकांनी अंतिम सामन्यापर्यंत मुदत दिली. माझ्या पोरीपायी या माणसाची आयुष्यभराची कमाई पणाला लागली होती आणि मला अन्न गोड लागत नव्हतं.

सरावात कोचनी सानिकाला कारण विचारलं.

"शी इज माय ताई, कोच. तिच्या आधी मी कसं घेऊ?"

दुसरा कुणी डाफरला असता. कोच हसले. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला 'आते' म्हणतात आणि तिचा शब्द कुणी मोडत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग ते रियाकडे वळले. "मोठी आहेस ना? मग हुकूम सोड."

अंतिम सामन्याच्या शेवटच्या काही सेकंदांत आम्ही एका गुणाने मागे होतो. समोरच्या संघातल्या दोघींनी घेरलेल्या रियाने चेंडू सानिकाकडे फेकला. सानिका मोकळी होती, तरी सवयीने तिची मान रियाकडे वळली. सगळ्या जिमला ऐकू जाईल अशा आवाजात रिया मराठीत ओरडली, "सानू, तूच टाक."

ताईचा शब्द मोडायचा कसा? सानिकाने टाकला. आम्ही विजेते झालो. मी लहान मुलासारखा रडलो. मालक हात मिळवायला धावले, तर कोच भात झाला का ते विचारत होते.

आज पंचाहत्तरीत कोच तब्येतीची हेळसांड करतात, डॉक्टरांना टाळतात. आमचं ऐकत नाहीत. आम्ही पडलो लहान. म्हणून सानिकाने परवा मनिलाला त्यांच्या थोरल्या बहिणीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. नव्वदीच्या आते कडाडल्या, "नेस्टर, औषधं वेळेवर घे. शंभरी गाठल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस."

कोच मान खाली घालून "हो, आते" म्हणाले. आता त्यांची सुटका नाही.