काळी धामण

इथे गुजराती मुलखात, पांडेसऱ्याच्या मिलमध्ये माझं काम शेड जुळवायचं. व्यापाऱ्याने दिलेला कापडाचा तुकडा एका हातात, आम्ही रंगवलेला दुसऱ्या हातात, आणि खिडकीशी जाऊन उन्हात बघायचं. जुळला तर पास, नाही तर पुन्हा रंगवा. अकरा वर्षं हेच. बायको नि मुलगी धुळ्याकडे गावी, मी इथे खोलीत एकटा. दिवसभर रंगांशीच बोलतो म्हणा ना, दुसरं आहे कोण?

मिलमध्ये साप निघाला की मात्र सगळे मला हाक मारायचे. शेतातला माणूस, साप ओळखतो म्हणून. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. एरवी मला कोण विचारतंय!

एका दुपारी बॉयलरमागच्या लाकडांत साप निघाला. लांबलचक, काळाकुट्ट. कोपऱ्यात सापडल्यामुळे मान फुगवून गुरगुरत होता. दहा-बारा जण काठ्या घेऊन उभे. "भाई, शुं छे? नाग?" सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हणेन तेच होणार होतं.

आमच्या शेतातली धामण वाळल्या कडब्यासारखी पिवळसर. उंदीर खाते म्हणून तिला कोणी मारत नाही, वडील तर थांबून तिला वाट द्यायचे. हिचा रंग काही जुळेना. मी म्हणालो, "धामण नाही. नागच आहे."

तिच्यावर धडाधड काठ्या पडल्या. सगळं शांत झाल्यावर मी जवळ गेलो. ओठांवर उभ्या काळ्या रेघा, मोठाले गोल डोळे. धामणच की हो ती! इकडे खाडीकाठाला धामणी अशा काळपटही असतात, हे मला नंतर एका म्हाताऱ्याने सांगितलं. अरे गाढवा, आधी तोंड बघायचं होतंस! लोक माझी पाठ थोपटून कामाला लागले. या मुलखात आमच्या शेतातलं म्हणावं असं तेवढंच काही भेटलं होतं, आणि मीच त्याला मारायला लावलं. फार एकटं वाटलं त्या दिवशी.

मग दिवाळीला गावी गेलो. आधीच्या दोन दिवाळ्या चुकल्या होत्या, आणि इथल्या वाफेत, उन्हात मी पार काळवंडलोय. चार वर्षांची मुलगी मला दारात बघून आईच्या पदराआड शिरली.

"हाऊ कोन शे?" तिने विचारलं.

"अवं, तुना बाप शे!" बायको हसली. पोरगी काही बाहेर येईना.

मी पिशवी खाली ठेवली, उंबऱ्याबाहेरच बसलो आणि तिला म्हटलं, जवळ ये बाई, रंग नको बघूस, तोंड बघ.