लीलाताई पहिला बॉल सोडायची

लीलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. फोन मधुकरभाऊजींचा, म्हणजे तिच्या यजमानांचा. "कुंदा, लीला गेली वं. झोपेतच गेली," एवढंच ते म्हणाले. त्याला आता महिना होत आला. या दिवसांत लोक तिच्याबद्दल जे जे बोलले ते सगळं खरं आहे. शाळेत तिचा दरारा होता, सभेत उभी राहिली की ठणठणीत बोलायची, वस्तीतल्या कितीतरी मुलींची नावं तिनं स्वतः नेऊन शाळेत घातली. पण मला विचाराल तर लीलाताई म्हणजे पदर खोचून टीव्हीसमोर पाटावर बसलेली, हातात काळा दांडा धरून यंत्राशी भांडणारी बाई. तिनं बेसबॉल खेळून माझी नोकरी वाचवली. वाचून हसू येईल, पण दुसऱ्या शब्दांत मला हे सांगता येत नाही.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. नागपूरच्या लकडगंजात, लाकडाच्या टालींच्या, म्हणजे वखारींच्या मागच्या गल्लीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. दिवसभर आरा मशीनची घरघर आणि खिडकीच्या गजांवर भुसा. लीलाताई मास्तरीण, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, पण तिला अहो-जाहो केलेलं अजिबात खपायचं नाही. तिचा भाऊ आखातात नोकरीला होता. एका सुटीत त्यानं टीव्हीला जोडायचा गेम आणला, तो खेळायचे बटणवाले दोन काळे दांडे आणि सोबत एकच कॅसेट, तीही बेसबॉलची. गल्लीतली मंडळी क्रिकेटच्या आशेनं जमली आणि हिरमुसून घरी गेली. नियम कोणालाच माहीत नव्हते. रेडिओवर कसोटी सामने ऐकत वाढलेल्या लीलाताईनं ते आपल्या हिशेबानं लावून घेतले. चांगला बॉल आला की शहाण्या माणसानं तो सोडून द्यायचा! असे तीन सोडले की यंत्र तिला बाद करायचं, आणि तिचा पारा चढायचा. स्टंप पडला नाही, झेल घेतला नाही, मग आउट काहून, असा जाब ती पडद्याला विचारायची. बॅट लागली की गडी आपोआप पळत सुटायचा, त्याचाही तिला राग. पुढे नियम कळले, तरी भांडण काही थांबलं नाही.

त्या वर्षी होळीच्या सुमारास मी सायकलवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं ताठ झालेली, मूठ वळेना. मी एका सरकारी कचेरीत हंगामी टायपिस्ट होते. पावसाळ्यात टायपिंगची परीक्षा व्हायची होती. पास झाले तर कायम, नाहीतर घरी. बाबा टालीवर ओझी वाहून थकले होते, आणि कचेरीत खुर्चीवर बसणारी आमच्या घरातली मी पहिलीच. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. दोन-तीन दिवस दाबला, कळ मस्तकात जायची, मी रडायची, शेवटी तो चेंडू फडताळावर टाकून दिला. हात पदराखाली लपवून सगळं डाव्या हातानं करायला लागले. आईनं विचारलं की बरं आहे म्हणायची. नोकरी गेल्यातच जमा आहे हे मी मनातल्या मनात मान्य करून टाकलं होतं.

लीलाताईनं हाताबद्दल काहीच विचारलं नाही. शाळेला उन्हाळ्याची सुटी लागली तशी एका दुपारी ती दारात येऊन उभी राहिली. "एकटीनं काय खेळू मी? चाल वं, दुसरा दांडा धर." दांडा उजव्या हातात आणि बटण डाव्या अंगठ्यानं, हा तिच्या घरचा कडक नियम. मला धरताच येत नाही, असं मी सांगितलं. "मंग हरशील," ती म्हणाली आणि तिनं खेळ सुरू केला.

तिच्या खेळण्याचा मला असा काही वैताग यायचा की विचारू नका. बसण्याआधी ती कूलर बंद करायची. कूलर चालला की व्होल्टेज पडतं आणि चित्र आकसतं, असं तिचं म्हणणं. मे महिन्यातलं नागपूर, आणि कूलर बंद! मग उजव्या हातातल्या बांगड्या काढून टीव्हीवरच्या अँटेनाला अडकवायच्या. पहिला बॉल काही झालं तरी मारायचा नाही, त्याची चाल पाहून घ्यायची. प्रत्येक बॉलनंतर दांडा खाली ठेवायचा, डबी उघडून चिमूटभर सोप, म्हणजे बडीशेप, तोंडात टाकायची, आणि मलाही घ्यायला लावायची, तीसुद्धा उजव्या हाताच्या चिमटीनं. माझी निम्मी सोप सांडायची. चावून संपेपर्यंत पुढचा बॉल नाही. तेवढ्यात पारशिवनीची, तिच्या माहेरची एखादी लांबलचक गोष्ट... तीन गडी बाद झाले की चहा. एका सामन्याला अख्खी दुपार जायची, मी घामानं निथळत धुसफुसायची, आणि जिंकली की ही बाई गल्लीभर सांगत सुटायची. मला तिला हरवायचंच होतं. दांडा हातातून निसटला की पुन्हा धरायची, पुन्हा निसटला की पुन्हा. रागाच्या भरात दुखणं विसरायला व्हायचं.

सुटी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. माझा एक फटका थेट पडद्याबाहेर गेला आणि मी दांडा धरूनच ओरडत उभी राहिले. लीलाताई पडद्याकडे बघतच नव्हती.

"बघ वं," ती हळूच म्हणाली, "मूठ वळली."

मी खाली पाहिलं. पाचही बोटं दांड्याभोवती मिटलेली होती. मी लहान पोरीसारखी रडले. ती उठली, कूलर लावला आणि चहा टाकायला आत गेली.

परीक्षेत मी काठावर पास झाले, पण झाले. कायम झाल्याचे पेढे घेऊन गेले आणि वाकून नमस्कार केला, तेव्हा तिनं मला उडवून लावलं. "मी काय केलं? जिंकून तर तू राहिली होती."

मागच्या आठवड्यात भाऊजींना भेटायला गेले. बोलता बोलता त्या उन्हाळ्याचा विषय निघाला. लीलाताईच्या त्या तऱ्हा मी आयुष्यभर लोकांना हसत सांगत आले आहे, तशाच त्यांनाही सांगायला लागले. भाऊजी म्हणाले, संध्याकाळी ते घरी आले की दोघं खेळायचे, तेव्हा कूलर फुल असायचा. लीलाताई पहिलाच बॉल हाणायची आणि त्यांना श्वास घ्यायला फुरसत द्यायची नाही.

"तुह्या डॉक्टरले जाऊन विचारून आली होती ती," भाऊजी म्हणाले. "थंड हवेनं बोटं आखडते, अन् सारखं खेळलं तं हात सुजते, मंधात मंधात थांबा लागते, असं सांगतलं त्यानं. सोप तं तिले आवडतच नव्हती."

मी विचारलं, आणि बांगड्या?

"ते बांगड्या काढून अडकवणं मात्र तिचंच होतं," ते म्हणाले, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

माझ्यासाठी तिनं इतका वेळ काढला, इतक्या नावडत्या सोपेच्या चिमटी चावल्या, उकाड्यात बसली, आणि वर मलाच जिंकल्याचं श्रेय देऊन मोकळी झाली... याचं ओझं वाटत नाही, श्रीमंत असल्यासारखं वाटतं. ती असताना हे कळलं असतं तर मी पुन्हा पेढे घेऊन गेले असते, आणि तिनं मला पुन्हा उडवून लावलं असतं.

हा लेख मी हातानं लिहिला. थंडीत मनगट अजून आखडतं, म्हणून मध्ये मध्ये पेन खाली ठेवला, थोडी थांबले, मग पुन्हा उचलला. पूर्वी अशा थांबण्याचा मला राग यायचा. आता मी घाई करत नाही. तेवढा वेळ लीलाताई समोर बसलेली असते.