तर्कमास्तरांचा कौल

तर्कमास्तरांना ‘बहुधा’ हा शब्द खपत नसे. गुंदच्या शाळेत आम्ही दोघंच शिक्षक आणि राहायला खोलीही एकच. सकाळी मी म्हणायचो, “आज बहुधा बस यायची नाही.” ते दाढी थांबवून म्हणत, “विधान खरं असतं किंवा खोटं. तिसरी जागा नाही.” बस तोवर वाटेतल्या जंगलात कुठल्याशा तिसऱ्याच जागी बंद पडलेली असे.

बेळगावच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकून आलेला हा माणूस पोरांना पाढ्यांच्या आधी अनुमान शिकवी. “उळवीच्या जत्रेला जाणार का?” असं विचारलं की पोरं म्हणत, “जाईन बी, न्हाई बी.” मास्तरांच्या कपाळाला आठी पडे.

माझी नात संगणकाचे प्रोग्राम लिहिते. ती सांगते, तर्कशास्त्रं दोन. एकाला ‘दार बंद आहे’ एवढंच कळतं. दुसऱ्याला ‘दार उघडू शकतं’ आणि ‘दार बंदच राहिलं पाहिजे’ हेही कळतं. मास्तरांकडे पहिलंच होतं. दुसरं त्यांना लग्नापायी शिकावं लागलं.

देवळाचे पुजारी रामा गावकर. त्यांच्या शांतेला मास्तरांनी मागणी घातली, पण तिला रामनगरच्या एका व्यापाऱ्याचंही स्थळ आलेलं. गावकर म्हणाले, “देवाला इचारू.” कौल लावायचा म्हणजे देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मास्तर खूश. “तुमचा देव शास्त्रशुद्ध आहे,” ते म्हणाले. देवाला प्रमाणपत्र मिळताना मी प्रथमच पाहत होतो.

दुपार झाली तरी एकही पाकळी हलली नाही.

गावकर उठले. “देव व्हय म्हणंना, न्हाई बी म्हणंना. मी रामनगरवाल्यास्नी होकार कळवून टाकतो.”

मास्तर आडवे आले. “देवानं मनाई केलेली नाही. म्हणजे परवानगी आहे.”

“आसंल परवानगी. पर पोरगी तुमास्नीच द्यायला पायजे, आसं कुठं हाय?”

मास्तरांचं कॉलेज इथं संपलं.

शांता खांबाला टेकून उभी होती. “आप्पा, देव बोलंना झालाय. मी बोलू?”

“बोल.”

“मला मास्तर पायजेत.”

एवढ्यावर कुणीही शहाणा माणूस देवाला नमस्कार करून बाहेर पडला असता. मास्तरांनी विचारलं, “म्हणजे मास्तरच हवेत, की मास्तरही चालतील?”

“मास्तर, गप बसा,” शांता म्हणाली.

ते बसले. गावकरांनी देवाच्या अंगावरच्या पाकळ्या हातानं काढून दोघांना प्रसाद म्हणून दिल्या. पुढे त्या संसारातले बरेच वाद असेच निकालात निघाले. पण मास्तरांनी वाद घालणं काही सोडलं नाही.

मास्तर गेल्यावर मी भेटायला गेलो. शांतावहिनींनी चहा पुढे केला. “भावजी, घरात आता उलटं बोलणारं कुणी न्हाई. अधनंमधनं येत जावा.”

मी जात राहिलो. त्या काही म्हणाल्या की मी मान डोलवायचो, आणि त्या हिरमुसायच्या.